हॉर्न थांबेना, काय करावे?

इयत्ता ४ थी



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी कोणी पावसाळा घेतला, कोणी बैलपोळा घेतला. मी गाडीचा हॉर्न घेतला आहे. गुरुजी म्हणाले, "विषय वेगळा आहे. पण आधी स्वतः समजून घे, मग लिही." म्हणून मी स्टँडवरच्या वायरमन तात्यांना आठ दिवस प्रश्न विचारून विचारून हैराण केले. हे तात्या म्हणजे गाड्यांचे वायरमन बरे का, खांबावर चढणारे नव्हेत. आमच्या आप्पांची प्रवासी जीप त्यांच्याकडेच दुरुस्तीला असते.

हॉर्न वाजवला की वाजतो आणि बोट काढले की थांबतो. पण कधी कधी बोट काढले तरी तो थांबत नाही. किल्ली काढली तरी थांबत नाही. का बरे? पुष्कळ गाड्यांत हॉर्नला सप्लाय थेट बॅटरीतून येतो, किल्लीतून येतच नाही. म्हणून गाडी बंद करून घरात जाऊन बसले तरी तो आपला बोंबलत राहतो.

हे समजायला आधी हॉर्न कसा वाजतो ते समजले पाहिजे. आपण वर्गात एक प्रयोग केला होता तो आठवा. लोखंडी खिळ्यावर तांब्याची वायर गुंडाळली, तिची टोके सेलला लावली, आणि खिळ्याला टाचण्या चिकटल्या. वायर काढली की टाचण्या खाली पडल्या. वीज आहे तोवर लोहचुंबक, वीज गेली की साधा खिळा. हॉर्नच्या पोटात असाच एक लोहचुंबक असतो. त्याच्यापुढे पातळ पत्र्याचा पडदा असतो. वीज आली की चुंबक पडद्याला आत ओढतो. पण पडदा आत गेला की तिथलाच एक पॉइंट उघडतो आणि वीज तुटते. वीज तुटली की पडदा उडी मारून मागे येतो. मागे आला की पॉइंट पुन्हा मिटतो आणि वीज पुन्हा येते. असे एका सेकंदात साधारण ३०० ते ५०० वेळा होते! पडदा इतक्या वेगाने थरथरतो, म्हणून आपल्याला एकच लांब आवाज ऐकू येतो. मी तात्यांना म्हटले, "म्हणजे आमच्या गुरुजींच्या छडीसारखं टेबलावर टक टक टक." तात्या म्हणाले, "तसंच, पर लई घाईत."

आता स्टिअरिंगवरचे बटण. मला वाटत होते, बटणातून वीज हॉर्नला जाते. तसे नसते. मध्ये एक छोटा डबा असतो, काड्यापेटीहून लहान. त्याला रिले म्हणतात. हे ज्यांच्या विहिरीवर मोटर आहे त्यांना लगेच कळेल. मोटरीच्या स्टार्टरचे हिरवे बटण आपण बोटाने हळूच दाबतो. पण मोटरीची मोठी वीज काही त्या बटणातून जात नाही. बटण दाबले की डब्यात खट् असा आवाज होतो, आतला लोहचुंबक मोठे पॉइंट ओढून मिटवतो आणि मोटर चालू होते. रिले म्हणजे हॉर्नचा स्टार्टरच. फरक एवढा की इथे लाल बटण नाही, बोट काढले की रिले आपोआप सुटतो. दोन हॉर्न असले तर ते सात-आठ, कधी दहा अँपिअरसुद्धा वीज खातात. पण रिलेतल्या चुंबकाला पाव अँपिअरही लागत नाही. म्हणून स्टिअरिंगमधली वायर बारीक असली तरी चालते.

आणखी एक गंमत. बहुतेक गाड्यांत बटण वीज देत नाही, ते अर्थ देते. गाडीचा सगळा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या काळ्या टोकाला, म्हणजे मायनसला जोडलेला असतो. रिलेतून निघालेली बारीक वायर बटणापाशी येऊन थांबते. आपण बटण दाबतो तेव्हा ती वायर गाडीच्या लोखंडाला टेकते, आणि सर्किट पुरे होते. आता विचार करा. तीच वायर घासून घासून सोलली आणि स्टिअरिंगच्या दांड्याला कुठेतरी टेकली, तर काय होईल? गाडीला वाटेल की कोणीतरी बटण दाबले आहे. गाडीला कोण सांगणार की ते बोट नव्हे, सोललेली वायर आहे!

तर हॉर्न थांबत नाही त्याची कारणे अशी. एक तर बटणच अडकलेले असते. त्यात धूळ जाते, आतली स्प्रिंग मोडते, नाहीतर गाडी धुताना पाणी शिरते. दुसरे म्हणजे वर सांगितलेली सोललेली वायर. स्टिअरिंग एका बाजूला वळवले की वाजतो आणि सरळ केले की थांबतो, असे असेल तर बहुधा तिथलीच वायर समजावी. तिसरे म्हणजे रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटतात. आमच्या जीपचे हे तिसरे झाले होते, आणि तेही भलत्या वेळी झाले.

मागल्या श्रावणात रात्री दोनच्या सुमाराला शेजारच्या काकूंच्या पोटात कळा सुरू झाल्या. आप्पांनी जीप काढली, त्यांच्या दारात नेली आणि बाहेर या म्हणून एकदाच हॉर्न दिला. तो थांबेचना! आप्पांनी बटणावर बुक्क्या मारल्या, किल्ली काढली, काही उपयोग नाही. सगळी आळी उठली. कुत्री भुंकायला लागली. पलीकडच्या आबांच्या म्हशीने दावे तोडले. काकूंनी दोन्ही कान दाबून धरले आणि त्या ओट्यावर तशाच बसल्या. आजी ओरडत होती, "अरं बंद कर की त्याला! पोरीचा जीव घाबरा झालाय!" पण आजीचे ओरडणेही कोणाला ऐकू जात नव्हते.

आप्पांनी बॉनेट उघडून पान्याने बॅटरीचे टर्मिनल काढले. आवाज बंद झाला. इतके शांत वाटले की मला वाटले आपण बहिरे झालो की काय. पण आता गाडी कशी चालू होणार? बॅटरी नाही तर सेल्फ फिरत नाही आणि दिवे लागत नाहीत. टर्मिनल लावले की हॉर्न सुरू. काढले की गाडी बंद. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत मध्ये घाट आहे. काका नुसते हात चोळत उभे होते.

तेव्हा आप्पांनी तात्यांना फोन लावला. तात्या झोपेतूनच म्हणाले, "टर्मिनल काढलंस ते बरं केलंस, पर तसंच ठेवून भागायचं न्हाई. अख्ख्या घराची लाइट कशापायी घालवतोस? एकच दिवा काढ की. हॉर्नलाच गाठ."

मी टॉर्च धरला. पुढच्या जाळीमागे दोन हॉर्न होते. प्रत्येकाच्या पाठीला वायरीची टोपी होती. आप्पांनी दोन्ही टोप्या ओढून काढल्या. तात्यांनी फोनवर बजावले होते, की ती टोके उघडी सोडायची नाहीत. कारण त्यांच्यात वीज येतच राहणार, आणि ती लोखंडाला टेकली तर ठिणगी उडून फ्यूज जाईल, नाहीतर वायर जळेल. टेप घरात सापडेना. मग आजीने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून दिली, ती टोकांना घट्ट गुंडाळली. एवढे सगळे झाल्यावरच आप्पांनी टर्मिनल परत लावले. हॉर्न गप्प. सेल्फ मारला, गाडी सुरू झाली.

हॉर्नशिवाय घाटातून जायचे म्हणजे धोकाच. आप्पांनी वळणावर गाडी अगदी हळू घेतली आणि दरवेळी दिव्यांचा डिपर मारला. एरवी असे कोणीही जाऊ नये. पहाटे उजाडायच्या आत काकूंना मुलगी झाली. बारशाला मी घुगऱ्या खाल्ल्या.

म्हणून मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते हे, की वीज कुठे तोडायची. बॅटरीचे टर्मिनल काढणे हा सोपा उपाय, पण त्याने सगळी गाडीच बंद पडते. हॉर्नचा फ्यूज काढला तर सहसा फक्त हॉर्न थांबतो. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूला पुष्कळदा चित्रे काढलेली असतात, त्यात कर्ण्याचे चित्र शोधायचे. फ्यूज चिमट्याने किंवा बोटाने सरळ वर ओढायचा. जुन्या गाड्यांत मात्र एकाच फ्यूजवर दोन-तीन वस्तू असतात, म्हणून काढल्यावर दिवे, वायपर चालतात का ते बघून घ्यावे. रिले सापडला तर तो काढूनही काम होते. रिलेवर पान्याच्या मुठीने हळू टकटक केले तर चिकटलेले पॉइंट कधी कधी सुटतात. पण तो रिले पुन्हा दगा देतो, त्याच्यावर विसंबू नये असे तात्या सांगतात. यातले काहीच सापडले नाही तर शेवटी हॉर्नच्या टोप्या आहेतच, पण त्या टर्मिनल काढल्यावर काढाव्यात. हॉर्न वाजत असताना कानाजवळ तो आवाज सोसवत नाही.

टर्मिनल काढायचेच झाले तर काळे, म्हणजे मायनसचे आधी काढतात. मी विचारले, का? तात्यांनी सांगितले ते फार आवडले. आधी लाल काढायला गेलो आणि पाना हलून गाडीच्या लोखंडाला लागला, तर पान्यातूनच लाल आणि काळे जोडले जाते आणि मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून जळणारा वायू निघत असतो, त्यामुळे भडकाही होऊ शकतो. काळे आधी काढले तर मग पाना लोखंडाला लागला तरी काही होत नाही. लावताना उलटे, लाल आधी आणि काळे शेवटी. हातातली अंगठी, कडे काढून ठेवावे. बॅटरीत आम्ल असते, ते अंगावर उडले तर कातडी भाजते.

आपण मुलांनी यातले काही करायचे नाही. टॉर्च धरायचा, मोठ्यांना बोलवायचे, आणि फार तर कारण सांगायचे. मीही तेवढेच केले.

थांबवणे वेगळे आणि दोष शोधणे वेगळे. दुसऱ्या दिवशी तात्या आले तेव्हा मी शाळेला जायच्या आधी सगळे पाहिले. त्यांनी पहिल्यांदा एका हॉर्नची टोपी परत लावली. पों! लगेच वाजायला लागला. मग त्यांनी रिले उपटला. बंद झाला. तात्या म्हणाले, "आता सांग, रिलेच्या म्होरची वायर चांगली का वाईट?" मी जरा विचार केला. ती वायर पुढे कुठे सप्लायला चिकटली असती, तर रिले काढला तरी हॉर्न वाजत राहिला असता. म्हणून मी म्हटले, "चांगली." तात्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

आता दोष उरला रिलेत किंवा बटणाच्या बाजूला. त्यासाठी तात्यांकडे एक बल्ब आहे, त्याला दोन वायरी आहेत. एक वायर त्यांनी बॅटरीच्या लाल टोकाला लावली. दुसरी वायर रिलेच्या जागेत, जिथे बटणाकडची वायर येते त्या भोकात टेकवली. बल्ब लागला तर बटणाच्या बाजूने फुकटचा अर्थ येतो आहे असे समजायचे, म्हणजे बटण अडकले आहे किंवा वायर सोलली आहे. बल्ब लागला नाही. मग आप्पांनी आत बसून बटण दाबले. बल्ब लागला. सोडले, विझला. म्हणजे बटण शहाणे होते आणि वायरही शहाणी होती. चोर रिलेच. ज्यांच्याकडे असा बल्ब नाही ते दुसऱ्या एखाद्या कामाचा, तसलाच आणि तेच नंबर छापलेला रिले तिथे लावून बघतात. हॉर्न गप्प राहिला आणि बटणाने नीट वाजला तर जुना रिले खराब समजायचा.

तात्यांनी रिलेचे टोपण उचकटले. आत दोन पॉइंट काळे पडून एकमेकांना चिकटले होते. जसे वेल्डिंग केलेले. त्यांनी आप्पांना विचारले, "हे भोंगे कुणी बसवले?" आप्पा काही बोलले नाहीत. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेला गेलो होतो, तेव्हा आप्पांनी मोठ्या आवाजाचे दोन हॉर्न आणले होते. ते जुन्याच रिलेवर जोडले. ते जास्त वीज ओढत होते. पॉइंट उघडताना दरवेळी बारीक ठिणगी पडते, वीज जास्त तर ठिणगी मोठी. मोठ्या ठिणगीने पॉइंट थोडे थोडे वितळले आणि एक दिवस चिकटले. तात्या आप्पांना बरेच बोलले. मला आप्पांची थोडी दया आली, पण काकू ओट्यावर कशा बसल्या होत्या तेही आठवले. आता जीपला पहिले हॉर्न परत बसवले आहेत आणि रिले नवा आहे.

फ्यूजबद्दल एक सांगायचे राहिले. फ्यूजवर १०, १५, २० असे आकडे असतात. जेवढ्याचा होता तेवढ्याचाच परत लावावा. काही जण फ्यूज गेला की तिथे तांब्याची तार किंवा सिगारेटचा चांदीचा कागद लावतात. तसे केले तर फ्यूज जळायचा तो वाचतो आणि त्याच्या जागी गाडीची वायर जळते.

सगळ्या गाड्या सारख्या नसतात. पुष्कळ मोटारसायकलींना रिले नसतोच, तिथे बटण आणि वायर एवढेच बघायचे. नव्या मोटारींना चोर आला तर ओरडण्याची सोय असते. हॉर्न थांबून थांबून वाजत असेल आणि दिवेही उघडझाप करत असतील, तर ती बिघाडाची नव्हे, चोराची ओरड असते. तेव्हा किल्लीवरचे कुलूप उघडायचे बटण दाबून बघावे. आणि नव्या मोटारींच्या स्टिअरिंगच्या मधोमध, बटणाच्या मागेच, एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. टक्कर झाली की ती डोळे मिटायच्या आत फुगते. अशा गाडीचे स्टिअरिंग घरी उघडायला जाऊ नये. ती चुकून फुगली तर माणसाला जबर लागू शकते. तात्याही ते काम स्वतः करत नाहीत, शिकलेल्या मेकॅनिककडे पाठवतात.

गुरुजींनी हॉर्नची एक गोष्ट सांगितली ती लिहिते. अमेरिकेत मिलर रीझ हचिसन नावाचे एक संशोधक होते. १९०८ च्या सुमारास त्यांचा 'क्लॅक्सन' नावाचा हॉर्न निघाला. त्यात दातेरी चाक फिरून पडद्याला ठोकत असे आणि 'आऊऽगा' असा आवाज येत असे. याच हचिसननी त्याआधी कमी ऐकू येणाऱ्या माणसांसाठी विजेवर चालणारे ऐकण्याचे यंत्रही केले होते. एकाच माणसाने कान उघडायचे आणि कान फोडायचे, दोन्ही यंत्रे केली याचे आम्हाला सर्वांना फार हसू आले.

पालकांना एक सांगायचे आहे, राग मानू नये. सरकारने तसे जाहीर केले असेल, तर शाळा आणि दवाखाने यांच्या भोवतीची १०० मीटर जागा शांतता क्षेत्र असते. तिथे हॉर्न वाजवायचा नाही असा नियम आहे. वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतही वाजवायचा नाही. अगदी मोठे संकट असले तर गोष्ट वेगळी. आमचे गणित चालू असते तेव्हा फाटकाबाहेर हॉर्न वाजला की पाढा चुकतो, आणि मग पहिल्यापासून म्हणावा लागतो.

तो चिकटलेला रिले तात्यांनी मला दिला आहे. तो आपल्या वर्गात विज्ञान कोपऱ्यात, खिळ्याच्या प्रयोगाशेजारी, टाचण्यांच्या डबीत ठेवला आहे. टोपण काढले की काळे पॉइंट आणि तांब्याच्या तारेचे गुंडाळे नीट दिसते. खिळ्यावर आपण गुंडाळली होती तशीच ती तार आहे, फक्त फार बारीक. पालकांनीही बघावा. बघून झाल्यावर टोपण लावून परत डबीत ठेवावा.